फोम आणि बाल्साचं मोठं आरसी (रेडिओनं दुरून उडवायचं) विमान बांधणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं एकच विमान डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत: पंख वरच्या बाजूला असलेलं, विजेच्या मोटारीवर चालणारं, शिकण्या-शिकवण्याच्या ढंगाचं साधं विमान. पंखाची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांबी २.२ मीटर, रुंदी सगळीकडे सारखी ३६ सेंटिमीटर आणि उड्डाणाच्या वेळचं एकूण वजन ५.५ किलो. तुमचं विमान वेगळं असेल तर आकडे बदलतील, हिशेबाची रीत तीच राहील.

मोठं विमान उडवायला सोपं असतं म्हणतात. खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं आहे. आकार दुप्पट केला की पंखाचं क्षेत्रफळ चौपट होतं, पण सगळं त्याच जाडीच्या प्रमाणात बांधलं तर वजन आठपट होतं. मोठ्या विमानाला दर चौरस डेसिमीटरमागे जास्त भार चालतो तो म्हणूनच, आणि तरीही ते आपल्या आकाराच्या मानानं संथ उडतं. आपल्या विमानाचं क्षेत्रफळ सुमारे ७९ चौरस डेसिमीटर, म्हणजे भार झाला दर चौरस डेसिमीटरला ७० ग्रॅम. सव्वा मीटरच्या विमानावर एवढा भार टाकला तर ते नवख्याच्या हातात टिकणार नाही. २.२ मीटरच्या विमानाला मात्र तो अगदी माफक आहे. सर्वांत कमी वेग, ज्याच्या खाली पंख हवा सोडतो, तो इथे ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास येतो.

शिवाय मोठं विमान लांबून नीट दिसतं. वाऱ्याच्या झुळकेनं चटकन हेलकावत नाही आणि कुठल्या बाजूला कललं आहे ते डोळ्याला लगेच कळतं. सोपेपणा निम्माअधिक इथूनच येतो.

पण पडलं तर साडेपाच किलोचं वजन आणि फिरता पंखा पडतो. म्हणून उडवायला अगदी नवीन असाल तर आधी एखादं छोटं फोमचं विमान हाताखालून जाऊ द्या. बांधायला नवीन असाल आणि उडवता येत असेल, तर मोठ्यापासून सुरुवात करायला माझी काहीच हरकत नाही. मोठ्या विमानात हात आत जातो, चूक दिसते, दुरुस्त करता येते.

नुसता फोम किंवा नुसता बाल्सा का नको? दोन्ही एकत्र कशाला?

दोघांची कामं वेगळी आहेत. फोम आकार धरून ठेवतो आणि बाल्सा, म्हणजे एक अगदी हलकं लाकूड, जोर घेतो.

पंख वाकतो तेव्हा वरचा पृष्ठभाग दाबला जातो, खालचा ताणला जातो आणि मधल्या भागावर फारसा जोर येत नाही. म्हणजे ताकद हवी ती बाहेरच्या थरात. मधल्या भागाचं काम इतकंच की दोन्ही थर एकमेकांपासून ठरलेल्या अंतरावर राहावेत आणि वरचा थर चुरगळू नये. हे काम दर घनमीटरला १६ किलो वजनाचा थर्माकोल उत्तम करतो. तिथे लाकूड घालणं म्हणजे फुकटचं वजन वाहणं.

ही रचना खऱ्या विमानांतही होती. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश 'मॉस्किटो' विमानाचं धड प्लायवूडच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा भरून बनवलेलं होतं. तिथे बाल्सा मधला होता आणि प्लायवूड बाहेरचं. आपल्या प्रमाणात बाल्सा बाहेर येतो आणि फोम आत जातो, तत्त्व तेच.

पुढचा प्रत्येक निर्णय याच प्रश्नावर सोडवायचा: जोर कुठून जातो? जिथून जातो तिथे चांगलं लाकूड, कार्बन, प्लायवूड सढळ हातानं वापरा. जिथून जात नाही तिथे एक ग्रॅमसुद्धा देऊ नका.

बाल्सा बोटानं दाबला तरी खड्डा पडतो. एवढं नाजूक लाकूड मोठ्या विमानाला पुरतं?

खड्डा पडणं वेगळं आणि तुटणं वेगळं. वजनाच्या मानानं बाल्साची ताकद फार चांगली आहे. २००३ साली अमेरिकेच्या मेनार्ड हिल यांच्या गटानं बाल्सा आणि प्लास्टिक फिल्मचं मॉडेल विमान कॅनडाच्या न्यूफाउंडलंडहून अटलांटिक पार करून आयर्लंडला उतरवलं. इंधनासकट वजन पाच किलोच्या आत आणि हवेत सुमारे ३९ तास. बाल्सा पुरतो की नाही ही शंका तेव्हाच मिटली. तो कुठला घ्यायचा आणि कसा लावायचा, एवढंच बघायचं.

फोम कोणता घ्यावा?

पंखाच्या गाभ्यासाठी साधा पांढरा थर्माकोल, म्हणजे ईपीएस. मात्र दाणे बारीक आणि एकमेकांत घट्ट बसलेले हवेत, घनता १५ ते २० किलो प्रति घनमीटर. नखानं दाणे सुटत असतील तर तो तुकडा पॅकिंगलाच राहू द्या.

निळा किंवा गुलाबी दिसणारा एक्सपीएस कापायला सुरेख आणि पृष्ठभाग गुळगुळीत, पण वजन दुपटीच्या घरात, साधारण ३० ते ३५ किलो. आपल्या पंखाच्या गाभ्याचं आकारमान सुमारे ०.०२३ घनमीटर आहे. ईपीएसमध्ये तो ३७५ ग्रॅम भरतो, एक्सपीएसमध्ये साडेसातशे. वर बाल्साचं आवरण येणारच असेल तर हे जास्तीचे पावणेचारशे ग्रॅम काहीही काम करत नाहीत. धडाचा गोलसर वरचा भाग, मोटारीभोवतीचं नाक, पंखाची टोकं, असे छोटे कोरीव भाग एक्सपीएसमध्ये करा. पॉलिश पेपरनं तो फार छान घासला जातो.

ईपीपी लवचिक असतो, आपटला तरी फुटत नाही. पण त्याच गुणामुळे बाल्साच्या कडक आवरणाखाली त्याला अर्थ उरत नाही.

बाल्सा निवडताना नेमकं काय बघायचं?

वजन आणि रेषा. याच क्रमानं.

बाल्साच्या घनतेत जेवढा फरक पडतो तेवढा क्वचितच दुसऱ्या लाकडात पडत असेल. १.५ मिलिमीटर जाडीची, १० सेंटिमीटर रुंद, एक मीटर लांब शीट घ्या. चांगली हलकी शीट १५ ग्रॅम भरते, जड शीट ३० ग्रॅमपर्यंत जाते, आणि दिसायला दोन्ही सारख्याच. आपल्या पंखाच्या दोन्ही बाजू झाकायला अशा किमान १६ शीट लागतात. डोळे मिटून उचलल्या तर २४० ग्रॅमचा फरक फक्त आवरणात पडू शकतो. म्हणून खिशात मावणारा डिजिटल काटा सोबत ठेवा आणि प्रत्येक शीटवर पेन्सिलीनं वजन लिहा. घरी आल्यावर ढीग लावा: सगळ्यांत हलक्या शेपटीला, मधल्या पंखाच्या आवरणाला, जड आणि कडक धडाच्या लांब पट्ट्यांना.

आता रेषा. शीट रुंदीच्या बाजूनं हलकेच वाकवून बघा. सहज नळीसारखी वळली तर ती झाडाच्या वर्तुळांना समांतर कापलेली आहे. पंखाच्या पुढच्या गोलाईवर चढवायला हीच हवी. वाकायला नकार देणारी, पृष्ठभागावर माशाच्या खवल्यांसारखे चमकते ठिपके असलेली शीट वर्तुळांना काटकोनात कापलेली असते. ती फासळ्या, शेपटीचा सांगाडा, एलेरॉनची (पंखाच्या मागच्या कडेवरचे हलते भाग) बंद टोकं अशा जागी वापरा, जिथे सपाटपणा टिकायला हवा. हिला गोलाईवर बसवायला गेलात तर रेषेतून सरळ फाटेल.

शीट उजेडासमोर धरूनही बघा. एका कडेला गडद, दुसऱ्या कडेला फिकी असेल तर घनता दोन्हीकडे वेगळी आहे. घासताना मऊ बाजू आधी उडते आणि पृष्ठभागावर लाट येते.

फोमचा पंख तारेनं कसा कापतात?

निक्रोमची तार धनुष्यावर ताणून बसवायची, कमी व्होल्टेजच्या नियंत्रित वीजपुरवठ्यानं गरम करायची आणि फोमच्या दोन्ही टोकांना लावलेल्या साच्यांवरून सरकवायची. तार ०.४ ते ०.५ मिलिमीटरची पुरते. तापली की ती लांबते, म्हणून धनुष्याला स्प्रिंगचा किंवा लवचिक काठीचा ताण हवा. घरातल्या मुख्य विजेला तार थेट जोडायचा विचारही करू नका. मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला पुरवठाच वापरा.

साचे सनमायकाचे किंवा दीड-दोन मिलिमीटरच्या प्लायवूडचे करा. कडा बारीक पॉलिश पेपरनं अशा घासा की नख फिरवल्यावर कुठेही अडता कामा नये. साच्यावर बारीकशी खाच असेल तर तार तिथे क्षणभर थबकते आणि पंखाच्या पूर्ण लांबीत एक चर उमटते. पंखाचा छेद म्हणून क्लार्क वाय घ्या. त्याची जाडी रुंदीच्या ११.७ टक्के असते आणि पुढच्या ३० टक्क्यांनंतर खालची बाजू सपाट असते, त्यामुळे टेबलावर नीट बसतो. साचा काढताना वरून-खालून आवरणाची जाडी, म्हणजे प्रत्येकी दीड मिलिमीटर, वजा करायला विसरू नका.

कापायला दोघं लागतात आणि दोघांचं बोलणं महत्त्वाचं आहे. साच्याच्या कडेवर दर तीन-चार सेंटिमीटरवर खूण करून आकडे घाला. एकानं आकडे म्हणायचे, दोघांनी त्या त्या आकड्यावर एकाच वेळी पोचायचं. आपला पंख सगळीकडे सारखा रुंद आहे, त्यामुळे दोन्ही हातांचा वेग सारखाच. टोकाकडे निमुळत्या पंखात मात्र टोकाचा साचा छोटा असतो आणि तिकडच्या माणसाला हळू जावं लागतं. तिथे दोन्ही साच्यांचे समान भाग पाडून त्यांवर तेच आकडे घातले की काम भागतं.

आणखी एक बारकी गोष्ट. तारेची टोकं साच्यावर असतात, पण मधला भाग फोम वितळवत मागे रेंगाळतो. सरळ भागात त्यानं काही बिघडत नाही. पुढच्या गोलाईवर तार वळते तेव्हा मधला भाग कोपरा कापून जातो आणि पंखाची पुढची कड मध्यभागी बोथट होते. गोलाई आली की वेग निम्मा करा आणि मधल्या भागाला मागून यायला वेळ द्या.

कापून निघालेले वरचे आणि खालचे रिकामे तुकडे टाकू नका. पुढे तेच तुमचं सर्वांत महत्त्वाचं हत्यार ठरणार आहेत.

तार किती गरम असावी? धुराचं काय?

लाल दिसू लागली म्हणजे फार गरम. बरोबर तापलेली तार स्वतःच्या वजनानं फोममधून हळूहळू उतरते, एक सेंटिमीटरला तीन-चार सेकंद घेते आणि मागे बारीक तंतू सोडते. ढकलावं लागत असेल तर थंड आहे. धूर निघत असेल आणि कापाची फट रुंद होत असेल तर गरम आहे. आधी टाकाऊ तुकड्यावर चाचणी घ्या.

वितळणाऱ्या पॉलिस्टायरीनची वाफ छातीत जाऊ देण्यासारखी नाही. काम उघड्यावर किंवा आरपार वारा खेळणाऱ्या जागी करा. कापडी मास्क वाफ अडवत नाही.

बाल्साचं आवरण फोमवर कसं चढवायचं?

माझ्या मते संपूर्ण बांधणीतला हा सर्वांत निर्णायक टप्पा आहे, कारण गोंद सुकताना पंख ज्या आकारात असेल त्याच आकारात तो कायमचा राहतो.

आधी शीट एकमेकींना कडेनं जोडून पंखाएवढं मोठं पान तयार करा. कडा धातूच्या पट्टीनं सरळ कापा, दोन शीट शेजारी ठेवून वरच्या बाजूनं चिकटपट्टी लावा, पान उलटं करून सांधा उघडा, त्यात पांढऱ्या गोंदाची बारीक रेघ ओढा आणि सपाट ठेवून सुकवा. अर्धा पंख ११० सेंटिमीटर लांब आहे आणि शीट एक मीटरची, त्यामुळे लांबीतही जोड येणारच. तो तिरपा घ्या आणि शेजारशेजारच्या शीटमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी आणा. स्पारवरून, म्हणजे पंखाच्या लांबीतून जाणाऱ्या आतल्या कण्यावरून, जाणारी शीट मुळाकडे (धडाजवळ) अखंड हवी. जोड देऊन झाला की पान सपाट ठोकळ्यावर पॉलिश पेपर लावून आत्ताच घासून घ्या. फोमवर चढल्यावर घासलं तर सांध्याच्या आजूबाजूचा मऊ बाल्सा खोल जातो.

चिकटवायला सावकाश सुकणारं पातळ इपॉक्सी. ते फोमवर ओतायचं नाही, बाल्साच्या पानावर पसरायचं, आणि जुन्या प्लास्टिक कार्डानं असं खरवडून काढायचं की पृष्ठभाग ओला चमकेल पण कार्डापुढे लाट जमणार नाही. काढताना वाटतं की फारच कमी उरलं, चिकटणार कसं? चिकटतं. दर चौरस मीटरला ६० ते ७० ग्रॅम पुरेसं आहे, म्हणजे अख्ख्या पंखाला सुमारे १०० ग्रॅम. सढळ हातानं लावलं तर तीनशे कधी होतात कळत नाही, आणि त्यातले दोनशे ग्रॅम नुसते फोमच्या दाण्यांमधल्या फटीत बसून राहतात.

आता ते जपून ठेवलेले रिकामे तुकडे काढा. सपाट टेबलावर खालचा तुकडा, त्यावर खालचं पान, मग गाभा, मग वरचं पान आणि वरून दुसरा तुकडा. त्यावर फळी ठेवून अर्ध्या पंखाला ५०-६० किलो वजन समान पसरवा. इपॉक्सी लागलेली कड खालच्या तुकड्याला चिकटू नये म्हणून मध्ये प्लास्टिकचा कागद घाला. आणि टेबल खरोखर सपाट आहे ना, हे लांब सरळ पट्टीनं आधी तपासा. टेबलाला पीळ असेल तर पंखाला पीळ येईल आणि तो नंतर कशानंही जाणार नाही. पूर्ण एक दिवस हात लावू नका.

साधा सीए ग्लू फोमवर चालतो का? कुठला गोंद कुठे वापरू?

साधा सीए ग्लू, म्हणजे क्षणात चिकटणारा सुपरग्लू, थर्माकोल आणि एक्सपीएस दोन्ही विरघळवतो. फोमसाठी वेगळा मिळतो, तोच घ्या. पॉलिएस्टर रेझिन आणि थिनर असलेले रबरी गोंदही फोम खातात. इपॉक्सी, पॉलियुरेथेन आणि पाण्यात विरघळणारा पांढरा गोंद सुरक्षित आहेत.

बाल्सा-बाल्साला पांढरा गोंद किंवा सीए. मोटारीची भिंत (जिच्यावर मोटार बसते), लँडिंग गिअरचा, म्हणजे चाकांच्या दांड्यांचा, पाया, पंखाचे दोन अर्धे जोडणाऱ्या नळीची जागा इथे सावकाश सुकणारं इपॉक्सीच. पाच मिनिटांत सुकणारं इपॉक्सी अशा ठिकाणी वापरू नका, त्याची ताकद कमी असते. फोमला फोम जोडताना पांढरा गोंद मोठ्या पृष्ठभागावर आत ओलाच राहतो, कारण पाण्याला बाहेर जायला वाट नसते. तिथे पॉलियुरेथेन बरा. तो सुकताना फुगतो, म्हणून वजन ठेवावंच लागतं.

आवरण एवढं मजबूत आहे, मग स्पार लागतोच का?

एवढ्या आकारात लागतो. हिशेबच करून बघू. जोरात वळताना किंवा सूर मारून वर उचलताना सहा जी, म्हणजे वजनाच्या सहापट, भार धरला तर पंखाला एकूण ३३ किलो उचलावे लागतात, प्रत्येक अर्ध्याला साडेसोळा. हा जोर मुळापासून साधारण अर्ध्या मीटरवर लागतो असं धरलं तर मुळाशी सव्वाआठ किलो-मीटर (किलो गुणिले मीटर) वाकवणारा जोर येतो. तिथे पंख जेमतेम चार सेंटिमीटर जाड आहे. सव्वाआठ भागिले ०.०४ केलं की २०६. म्हणजे वरच्या पट्टीवर दोनशे किलोचा दाब आणि खालच्या पट्टीवर तेवढाच ताण. साडेपाच किलोच्या विमानात!

म्हणून मुळाशी वर-खाली स्प्रूसच्या १२ × ६ मिलिमीटरच्या सरळ रेषांच्या पट्ट्या, टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या, किंवा त्या मानानं पातळ कार्बनच्या पट्ट्या घाला. आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये उभी भिंत हवीच. नुसता थर्माकोल दोन्ही पट्ट्यांना धरू शकत नाही, त्या एकमेकींवरून सरकायला बघतात. मुळाकडे ही भिंत प्लायवूडची, पुढे उभ्या रेषांच्या बाल्साची. टोकाच्या एक-तृतीयांश भागात आवरण एकटं पुरतं, तिथे स्पार थांबवा.

विमान पंखांच्या टोकांना धरून उचललं आणि पंख टिकले, म्हणजे मजबूत झाले ना?

ही चाचणी सगळेच करतात, करायलाही हवी. पण टोकांना धरून उचललं तर मुळाशी येणारा जोर उड्डाणातल्या साधारण २.२ जी इतकाच असतो. ती पार झाली म्हणजे संथ उड्डाणाला पंख तयार आहेत, कसरतींना नाही. जास्त खात्री हवी असेल तर पंख उलटा ठेवून मध्यभागी आधार द्या आणि दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या समान पसरवत जा. कुठे करकर आवाज येतो ते कान देऊन ऐका.

पंख दोन तुकड्यांत करता येतो का?

करावाच, नाहीतर वाहनात बसणार नाही. २० ते २५ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची ॲल्युमिनियमची किंवा कार्बनची नळी दोन्ही अर्ध्यांत शिरते. तिच्या बाहेरची बाही स्पारच्या दोन्ही पट्ट्यांना आणि उभ्या भिंतीला पक्की जोडा. नुसती फोममध्ये चिकटवली तर जोर स्पारपर्यंत पोचतच नाही. मागच्या कडेजवळ एक छोटा दांडा हवा, म्हणजे पंख नळीभोवती फिरणार नाही.

धड कसं बांधावं?

चार बाल्साच्या लांब पट्ट्या, ३ मिलिमीटर बाल्साच्या बाजू आणि पंखाच्या मागच्या कडेपर्यंत आतून दीड मिलिमीटर प्लायवूडचा अस्तर. मोटारीची भिंत ६ मिलिमीटरच्या बर्च प्लायवूडची, आतल्या कोपऱ्यांत तिकोनी लाकूड देऊन. लँडिंग गिअरची फळी थेट मोटारीच्या भिंतीशी आणि प्लायवूडच्या अस्तराशी जोडलेली असावी, म्हणजे उतरतानाचा धक्का पसरतो. मोटारीला दोन अंश उजवीकडे आणि दोन-तीन अंश खाली कल द्या. पंखाच्या मागे धड जितकं उघडं-जाळीदार ठेवता येईल तितकं ठेवा.

शेपटीवर एवढी कंजूषी का करायची?

कारण शेपटीचा प्रत्येक ग्रॅम दोनदा मोजावा लागतो, खरं तर साडेतीनदा. गुरुत्वमध्यापासून शेपटी ११० सेंटिमीटर मागे आणि नाक ४५ सेंटिमीटर पुढे असेल, तर शेपटीत वाढलेल्या १० ग्रॅमला तोलायला नाकात २४ ग्रॅम घालावे लागतात. एकूण वाढ ३४.

आडवी शेपटी पंखाच्या क्षेत्रफळाच्या २० ते २५ टक्के घ्या. पूर्ण शीटची करण्याऐवजी सांगाडा करून वरून फिल्म लावा. सर्वो, म्हणजे हलते भाग हलवणारी छोटी मोटार, मागे बसवण्याचा मोह होतो, कारण जोडदांडा आखूड होतो. मी तो टाळतो आणि सर्वो पंखाखाली ठेवून कार्बनच्या नळीचा दांडा मागे नेतो.

मोटार आणि बॅटरी किती मोठी?

अशा विमानाला किलोमागे २२० वॉट भरपूर झाले, म्हणजे सुमारे १२०० वॉट. सहा सेलच्या लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीवर, २२.२ व्होल्टला, हे ५४ अँपिअर होतात. मोटारीचा वेग सांभाळणारा ईएससी ८० अँपिअरचा घ्या, कडेवरचा नको. मोटार ३०० ते ३५० केव्हीची (दर व्होल्टमागे मिनिटाला तेवढे फेरे) आणि पंखा १७-१८ इंची. ५००० एमएएचची बॅटरी पूर्ण जोरात चारेक मिनिटांत ८० टक्के संपते, पण सरळ उड्डाणात थ्रॉटल निम्म्याखालीच असतो, त्यामुळे आठ-दहा मिनिटं सहज मिळतात.

सहा सेलची बॅटरी जोडताना ठिणगी उडते, त्यासाठी ठिणगीरोधक कनेक्टर लावा. सेल ३.५ व्होल्टच्या खाली नेऊ नका आणि ठेवून द्यायची असेल तर ३.८ च्या आसपास ठेवा.

पेट्रोल इंजिन लावलं तर?

लावता येतं, २० ते ३० सीसीचं. पण पेट्रोल थर्माकोल विरघळवतं. नाकाचा आतला भाग आणि टाकीची जागा इपॉक्सीनं पूर्ण बंद करावी लागते, पंखाच्या मुळाशीही. थरथर इतकी असते की प्रत्येक स्क्रूला लॉक लागतो. पहिल्या मोठ्या बांधणीला मी वीजच सुचवीन.

सर्वो आणि रिसीव्हरची वीज?

एलेरॉन आणि एलिव्हेटरला (आडव्या शेपटीचा हलता भाग) ८ ते १० किलो-सेंटिमीटर ताकदीचे, धातूच्या दातांचे सर्वो. ताकदीइतकंच महत्त्व ढिलेपणाला आहे. सर्वो धरून एलेरॉनची मागची कड हलवून बघा. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त खेळत असेल तर वेगात ते फडफडू लागतं आणि क्षणात पंख फाडू शकतं. दांड्यांच्या टोकांना बॉल जॉइंट वापरा आणि बिजागरीची फट चिकटपट्टीनं बंद करा.

पाच ताकदवान सर्वो एकदम जोर लावतात तेव्हा ईएससीमधला, सर्वो आणि रिसीव्हरला वीज देणारा छोटा बीईसी दमतो, व्होल्टेज पडतं आणि रिसीव्हर क्षणभर बंद होतो. त्या क्षणात विमान कोणाचंच नसतं. रिसीव्हरला वेगळी बॅटरी किंवा दहा अँपिअरचा स्वतंत्र बीईसी द्या. इथे पैसे वाचवू नका.

वरून फिल्म की काचकापड?

बाल्साचं आवरण असलेल्या पंखाला २५ ग्रॅमचं काचकापड आणि पातळ इपॉक्सी किंवा पाण्यात विरघळणारं पॉलियुरेथेन वार्निश लावलं की पृष्ठभाग कडक होतो आणि पीळही कमी येतो. वेळ जास्त लागतो. फिल्म लावायची तर कमी तापमानाची घ्या. दीड मिलिमीटर बाल्साखालचा फोम ८०-९० अंशांपुढे आकसतो आणि आवरण त्याच्यापासून सुटतं. इस्त्री एका जागी थांबवू नका. वरच्या बाजूला गडद रंग टाळा, उन्हात उभ्या विमानाचा काळा पंख भलताच तापतो.

गुरुत्वमध्य कुठे आणि कसा आणायचा?

पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर. आपल्या विमानात ९ ते १०.८ सेंटिमीटर. पहिल्या उड्डाणाला साडेनऊवर ठेवा. पुढे असेल तर विमान जड वाटतं पण उडतं. मागे असेल तर ते सांभाळणं कोणाच्याच हातात राहत नाही.

नाकात शिसं भरण्याआधी बॅटरी सरकवून बघा. ८०० ग्रॅमची बॅटरी ५ सेंटिमीटर पुढे गेली की गुरुत्वमध्य सुमारे ७ मिलिमीटर पुढे येतो. म्हणून बॅटरीची जागा बॅटरीपेक्षा १० सेंटिमीटर लांब ठेवा. आडवा तोलही बघा: एक पंख जड असेल तर हलक्या टोकाला वजन.

पहिल्या उड्डाणाआधी काय तपासायचं?

पंखा काढून ठेवा आणि फेलसेफ लावा: ट्रान्समीटर बंद केला की मोटार थांबली पाहिजे. मग ट्रान्समीटरच्या पुस्तिकेत सांगितलंय तसं कमी शक्तीवर अंतर तपासा, एकदा मोटार बंद आणि एकदा चालू ठेवून, त्या वेळी विमान कोणीतरी घट्ट धरलेलं. प्रत्येक पृष्ठभाग बरोबर दिशेनं हलतो ना, हे मागे उभं राहून बघा. काठी उजवीकडे, उजवं एलेरॉन वर. एलिव्हेटर सुरुवातीला १२ अंश, एलेरॉन १५ ते २० अंश, एक्स्पो (मध्याजवळ काठीचा परिणाम सौम्य करणारी सेटिंग) ३० टक्के.

विमानाच्या वजनाप्रमाणे नोंदणी, उंचीची मर्यादा, विमानतळापासूनचं अंतर यांचे नियम देशोदेशी वेगळे आहेत आणि साडेपाच किलोचं विमान बहुतेक ठिकाणी त्यांत येतं. ते आधी वाचा. लोकांच्या डोक्यावरून उडवायचं नाही, हा नियम मात्र कुठेही न विचारता पाळायचा.

हवेत गेल्यावर पहिल्याच फेऱ्यांत, भरपूर उंचीवर, थ्रॉटल कमी करून विमान पंख हवा सोडेपर्यंत हळूहळू मंद होऊ द्या. ते सरळ नाक खाली टाकतं की एक पंख पाडतं, हे उतरण्याआधी कळलेलं बरं.

आपटलं तर फोमचा पंख दुरुस्त होतो का?

बहुतेक वेळा होतो, आणि फासळ्यांच्या पंखापेक्षा लवकर. चिरडलेला फोम परत फुगवण्याच्या भानगडीत पडू नका. सुरीनं चौकोनी कडांचा खड्डा करा, त्यात त्याच घनतेचा ठोकळा पॉलियुरेथेननं बसवा आणि मूळ रिकाम्या तुकड्याशी ताडून आकाराला घासा. आवरणाचा ठिगळ चौकोनी न कापता दोन्ही टोकांना तिरपा कापा, जाडीच्या किमान दहापट लांब उतारानं, म्हणजे जोर एका रेषेत अडकत नाही. स्पारला तडा गेला असेल तर दोन्ही बाजूंनी जाडीच्या बारापट लांबीचा तिरपा जोड द्या आणि मगच आवरण बंद करा. मुळाजवळ, नळीच्या बाहीपाशी तडा असेल तर तो अर्धा पंख नव्यानं करा. साचे आणि रिकामे तुकडे जपून ठेवले असतील तर त्याला फार दिवस लागत नाहीत.